छापील किंमत, खोक्यावरची तारीख आणि जिमचे बूट

(पुण्यातील एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, तीस वर्षे मी कॉस्ट अकाउंटंट म्हणून कारखान्यांचे हिशेब तपासले आणि पंचावन्नाव्या वर्षी, डॉक्टरांच्या धाकाने, एरंडवण्यातल्या एका जिममध्ये नाव घातले. माझ्या पेशाची आणि या नव्या उद्योगाची कधी गाठ पडेल असे वाटले नव्हते. ती पडली ती एका बुटांच्या जोडापायी. शहरातल्या एका दुकानात ₹7,999 छापील किमतीचा जोड साठ टक्के सवलतीत मला ₹3,200 ला मिळाला आणि आपण जिंकलो अशा समजुतीत मी घरी आलो. दोन महिन्यांनी, ऐन आषाढात, स्क्वॉटसाठी खाली बसलो असताना डाव्या टाचेखाली काहीतरी दबल्यासारखे वाटले. पाहतो तर सोलचा मधला थर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सुटत होता. बूट दोन महिन्यांचा आहे असे मी समजत होतो. माळ्यावरून खोके काढून तारीख वाचली, तेव्हा तो पाच वर्षांचा निघाला.

यात गूढ काही नाही. काही बुटांच्या सोलमध्ये पॉलियुरेथेन वापरतात, आणि हवेतल्या ओलाव्याने त्याच्या रेणूंच्या साखळ्या हळूहळू तुटत जातात. बूट वापरला नाही म्हणून ही क्रिया थांबत नाही. उलट बंद खोक्यात, दमट गोदामात ती निवांत चालू राहते. ईव्हीए नावाचा जो हलका फोम बहुतेक बुटांत असतो, त्याचा असा भुगा होत नाही. मात्र काळाने तोही कडक होतो आणि डिंकाचे जोड सुटू लागतात. म्हणून सवलतीचा आकडा वाचण्यापूर्वी खोक्यावरचा उत्पादनाचा महिना आणि वर्ष वाचावे. वेष्टित वस्तूंविषयीच्या 2011 च्या नियमांप्रमाणे तो छापणे बंधनकारक आहे. गंमत अशी की, ऑनलाइन विक्रीत छापील किंमत आणि इतर तपशील पडद्यावर दाखवावे लागतात, पण नेमक्या या महिना-वर्षाला तिथे सूट आहे. त्यामुळे घरी आलेले खोके आधी वाचावे आणि परत करण्याची मुदत संपेपर्यंत बूट फरशीवरच घालून पाहावेत.

आता सवलतीकडे वळू. साठ टक्के सवलत म्हणजे कशाच्या साठ टक्के? छापील किमतीच्या, आणि ती किंमत छापतो कोण, तर माल विकणाराच. त्या किमतीपेक्षा जास्त घेता येत नाही एवढेच कायदा सांगतो. त्या किमतीला तो जोड कधी कोणी विकत घेतला होता का, हे कोणी सांगत नाही. आमच्या पेशात ज्या आकड्याला पावतीचा आधार नाही त्याला आम्ही आकडा म्हणत नसू. तेव्हा तुलना छापील किमतीशी न करता, तोच जोड गेल्या दोन-तीन महिन्यांत ज्या भावाला प्रत्यक्ष विकला जात होता त्या भावाशी करावी.

खरी स्वस्ताई सापडते ती मॉडेलच्या क्रमांकात. जिमसाठीच्या बुटांपैकी रीबॉकचे नॅनो 2011 मध्ये आणि नायकेचे मेटकॉन 2015 मध्ये आले. तेव्हापासून दोन्हींचे क्रमांक वाढत आले आहेत. नवा क्रमांक बाजारात आला की जुन्याचा भाव उतरतो, आणि दोहोंतला फरक पुष्कळदा जाळीच्या विणीपुरता असतो. मात्र हंगामअखेरच्या सेलमध्ये आठ आणि नऊ हे माप आधी संपते. ज्यांचा पाय सहाचा किंवा अकराचा आहे त्यांनी शेवटच्या आठवड्यापर्यंत थांबायला हरकत नाही; बाकीच्यांनी तो धीर धरू नये.

घासाघीस करायचीच असेल तर ती कुठे करावी, हेही सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून ₹2,500 पर्यंत विक्रीमूल्य असलेल्या जोडावर 5 टक्के जीएसटी आहे आणि त्यापुढे 18 टक्के. करापूर्वी ₹2,600 चा जोड तुम्हाला ₹3,068 ला पडतो. दुकानदाराने त्या ₹2,600 मधले शंभर सोडले तर तोच ₹2,625 ला येतो. त्याचे शंभर जातात, तुमचे ₹443 वाचतात. हे गणित मांडून दाखवल्यावर 'एकच भाव' म्हणणारा दुकानदारही क्षणभर थांबतो, असा माझा अनुभव आहे.

पण जो बूट कामाचा नाही तो फुकट मिळाला तरी महागच. माझ्यासारखी पुष्कळ माणसे धावण्याचे बूट घालून वजने उचलतात. त्या बुटांचा सोल जाड आणि मऊ असतो, टाच बोटांपेक्षा साधारण 8 ते 10 मिलिमीटर उंच असते, आणि खांद्यावर वजन आले की पाय गादीवर उभा असल्यासारखा डगमगतो. वजनांसाठी सोल सपाट आणि घट्ट हवा. आपल्या पेठांतल्या तालमींमध्ये पिढ्यान्‌पिढ्या अनवाणी बैठका मारल्या गेल्या, त्यात काटकसरीइतकाच शहाणपणाचाही भाग होता. जिममध्ये अनवाणी येऊ देत नसतील, तर डेडलिफ्टपुरते, म्हणजे जमिनीवरचे वजन उचलून उभे राहण्यापुरते, शाळेत पीटीला घालायचे ते पांढरे कॅनव्हासचे बूट उत्तम चालतात. सहा महिने मी तेच वापरले. तरुण मंडळी हसली, मग दोघांनी कुठे मिळतात ते विचारले. उड्या मारायच्या असतील तर मात्र ते घालू नयेत. आणि 'फर्स्ट कॉपी'च्या, म्हणजे नामांकित बुटांच्या हुबेहूब नकलेच्या, मोहात पडलेल्यांनी दुकानातच टाचेमागचा कप अंगठ्याने दाबून पाहावा. तो पुठ्ठ्यासारखा दबला तर बूट ठेवून द्यावा.

मापाबद्दल थोडेच सांगतो. आपल्याकडचा आठ नंबर म्हणजे इंग्लंडचा आठ. आदिदासच्या खोक्यावर त्याच आठला युरोपीय 42 लिहिलेले असते, तर नायकेच्या खोक्यावर 42.5. म्हणून संध्याकाळी, पाय थोडा फुगलेला असताना, भिंतीला टाच लावून कागदावर पाय आखावा आणि सेंटिमीटरमध्ये मोजावा. तेवढा कागद खिशात असला की ऑनलाइन खरेदीतले निम्मे परतीचे हेलपाटे वाचतात.

इथे एका ताईंनी विचारले, की ट्रेडमिल आणि वजने दोन्ही करणाऱ्याने काय करावे. ताई, दहा-पंधरा मिनिटांच्या धावण्याला सपाट ट्रेनिंग बूट पुरतात. रोज अर्धा तास किंवा त्याहून अधिक धावत असाल तर मऊ सोलचा एक जोड फक्त ट्रेडमिलसाठी ठेवा आणि वजनांना तो पांढरा कॅनव्हास. दोन्ही कामे सांभाळतो म्हणून विकल्या जाणाऱ्या एका महागड्या जोडापेक्षा हे दोन जोड मिळून मला स्वस्त पडले. दोन्हींच्या पावत्या अजून माझ्या फायलीत आहेत.