फोन येण्याआधी

श्रोतेहो, नमस्कार. ‘पेटी’ म्हणजे एक लाख, ‘खोका’ म्हणजे एक कोटी. ही भाषा मला पोलीस प्रशिक्षणात कोणी शिकवली नाही. नव्वदच्या दशकात मुंबईत टोळ्यांच्या खंडणीच्या फोनच्या टेप रात्ररात्र ऐकून ती कानात बसली.

लोक म्हणतात, १९८२चा गिरणी संप झाला आणि कामगारांची पोरं टोळ्यांत गेली. काही गेली, खरं आहे. पण अडीच लाख कामगार घरी बसले होते. त्यांतल्या बहुतेकांच्या पोरांनी भाजी विकली, रिक्षा चालवली. त्यांना सरसकट गुंड म्हटलं की आजही माझं डोकं फिरतं. टोळ्या खंडणीकडे वळल्या त्याला दुसरंही एक कारण होतं. १९९०मध्ये सोने नियंत्रण कायदा रद्द झाला, पुढे आयातही खुली झाली आणि सोन्याच्या तस्करीतली मलई आटली. मग बिल्डर, हॉटेलवाले, सिनेमावाले. १२ ऑगस्ट १९९७ला अंधेरीत देवळाबाहेर कॅसेट कंपनीचे मालक गुलशन कुमारांवर गोळ्या झाडल्या गेल्या. असा एक खून झाला की पुढचे कितीतरी फोन नुसत्या नावावर वसूल होतात.

मशीद बंदरचे एक व्यापारी माझ्याकडे आले होते. धमकी देणाऱ्याला त्यांच्या गोदामाचा सौदा कितीला झाला ते रुपयांत ठाऊक होतं. मी विचारलं, “शेठ, हा आकडा कोणाकोणाला माहीत?” ते बोटं मोजू लागले. दलाल, मेहताजी, धाकटा भाऊ... आणि चौथ्या बोटावर थांबले. साडू! परदेशात बसलेल्या भाईला स्वप्न पडत नाही हो, खबर आपल्याच ओसरीवरून जाते.

शेठ तक्रार द्यायला तयार नव्हते. म्हणाले, “पैसे तर दिलेच नाहीत, मग गुन्हा कसला?” श्रोतेहो, पैसे उकळण्यासाठी नुसती भीती घालणं हासुद्धा गुन्हा आहे. तेव्हा भारतीय दंड संहितेत होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०८मध्ये आहे.

१९९९मध्ये मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा महाराष्ट्राचा कायदा आला. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्यापुढचा कबुलीजबाब न्यायालयात चालू लागला. आरोपीला विचार करायला चोवीस तास द्यायचे, मग पुन्हा विचारायचं. हत्यार जबर होतं, आणि म्हणूनच आमच्यातल्या काहींनी ते नको तिथेही उगारलं. हे मी निवृत्तीनंतर बोलतोय, तेव्हा बोलायला हवं होतं.

शेठनी शेवटी सही केली. खटला उभा राहायला मात्र चार वर्षं गेली. साक्षीच्या दिवशी मी जरा लवकर पोचलो. न्यायालयाच्या व्हरांड्यात एकच बाक होता. त्यावर शेठ बसले होते आणि त्यांच्या खांद्याला खांदा लावून टोळीचा एक पंटर शेंगदाणे खात होता. त्याने पुडी शेठपुढे धरली. शेठनी दोन दाणे उचलले.

आत गेल्यावर ते म्हणाले, “आवाज आठवत नाही.”