मस्केटिअर्स आणि त्यांचे भांडखोर वाचक

श्रोतेहो, नमस्कार.

एका सार्वजनिक वाचनालयाच्या देवघेव विभागात मी बरीच वर्षे काम केले. पुस्तक नेताना वाचक फारसे बोलत नाहीत. बोलतात ते परत करताना, आणि तेही पुस्तकाने त्यांना स्वस्थ बसू दिलेले नसेल तरच. तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारता मारता जी मते माझ्या कानांवर पडली, त्यांत एका पुस्तकाविषयी वाचकांचे एकमत झालेले मी कधीच पाहिले नाही. ते पुस्तक म्हणजे फ्रेंच लेखक अलेक्झांडर ड्यूमाची ‘थ्री मस्केटिअर्स’ ही कादंबरी. कोणी ती मुलांसाठी केलेल्या संक्षिप्त रूपात वाचलेली असे, कोणी संपूर्ण इंग्रजी भाषांतरात; पण भांडण दोघांचेही असे. आजचे हे भाषण त्या भांडणाविषयी आहे.

ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांच्यासाठी दोन शब्द सांगते. 1625 सालच्या एप्रिलमधल्या पहिल्या सोमवारी दार्तान्यां नावाचा अठरा वर्षांचा गॅस्कन तरुण, बापाने दिलेल्या पिवळट रंगाच्या म्हाताऱ्या घोड्यावर बसून पॅरिसच्या वाटेवर एका गावात येतो. घोड्याला कोणीतरी हसते आणि तिथेच पहिली तलवार उपसली जाते. पॅरिसला पोचल्यावर अॅथॉस, पोर्थोस आणि अरामिस या राजाच्या तीन मस्केटिअर्सशी, म्हणजे बंदूकधारी शिपायांशी, त्याचे एकाच दिवशी तीन वेळा भांडण होते, आणि त्या भांडणांतूनच चौघांची मैत्री जुळते. राजा तेरावा लुई, राणी अॅन, राजाचा मुख्यमंत्री कार्डिनल रिशल्यू, इंग्लंडचा ड्यूक ऑफ बकिंगहॅम ही सगळी खरी माणसे कथेत वावरतात. आणि त्या सर्वांच्या मधून फिरते मिलेडी ही कार्डिनलची हेर.

ही कादंबरी 14 मार्च ते 14 जुलै 1844 या चार महिन्यांत ‘ल सिएक्ल’ या पॅरिसच्या दैनिकात क्रमशः प्रसिद्ध झाली. तिचा वेग, तिच्या चुका आणि तिच्याविषयीची निम्मी भांडणे या एका गोष्टीतून निघालेली आहेत. 1836 साली एमील द जिरार्दँ याने ‘ला प्रेस’ नावाचे दैनिक काढले आणि वर्षाची वर्गणी इतर पत्रांच्या ऐंशी फ्रँकऐवजी चाळीस फ्रँक ठेवली. उरलेला खर्च जाहिरातींतून काढायचा, जाहिराती मिळवायला वाचक वाढवायचे आणि वाचक टिकवायला पानाच्या तळाशी रोज कादंबरीचा एक तुकडा द्यायचा, असा तो हिशेब होता. त्याच वर्षी निघालेल्या ‘ल सिएक्ल’नेही तोच मार्ग धरला. ‘करमणूक’मध्ये हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने वाचणाऱ्या आपल्या पणजोबांना हा प्रकार ओळखीचा वाटला असता, फरक एवढाच की हरिभाऊंचा वाचक आठवडाभर थांबत असे आणि ड्यूमाच्या वाचकाला रात्र काढली की पुरे असे.

विद्वानांचे मत तेव्हाही चांगले नव्हते. 1845 साली मिरकूर नावाच्या एका लेखकाने पुस्तिका काढून ड्यूमा म्हणजे कादंबऱ्यांचा कारखाना आहे असा आरोप केला आणि त्याच्या वर्णावरही हीन भाषेत शेरे मारले, कारण ड्यूमाची आजी कॅरिबियनमधल्या फ्रेंच वसाहतीत गुलाम होती. ड्यूमा कोर्टात गेला आणि मिरकूरला शिक्षा झाली. पण आरोपात तथ्य अजिबात नव्हते असे म्हणता येणार नाही. इतिहास जाणणारा ऑग्युस्त माके हा ड्यूमाचा सहकारी होता. तो प्रसंगांची आखणी आणि कच्चा मजकूर तयार करी, ड्यूमा त्यावर आपला हात फिरवी आणि नाव मात्र एकट्या ड्यूमाचे छापले जाई. पुढे माकेनेही दावा लावला. न्यायालयाने त्याला पैसे देवविले, सहलेखकपण दिले नाही. सरकारलाही या प्रकाराची धास्ती वाटली असावी, कारण 1850 साली क्रमशः कादंबरी छापणाऱ्या पत्रांवर खास मुद्रांक कर बसवण्यात आला.

आता आमच्या वाचनालयाकडे वळते. इतिहासाचे एक निवृत्त शिक्षक आमचे वर्गणीदार होते. त्यांनी पुस्तक परत केले तेव्हा त्यात पेन्सिलीने टिपलेल्या चुकांची चिठ्ठी तशीच राहिली होती. त्यांचे म्हणणे असे, की या पुस्तकाला ऐतिहासिक म्हणणे हाच अनैतिहासिकपणा आहे. त्यांच्याजवळ पुरावे होते. खरा दार्तान्यां, म्हणजे शार्ल द बात्झ, 1625 साली पोरवयाचाच होता. तो 1673 साली मास्ट्रिखच्या वेढ्यात मारला गेला. ड्यूमाने आधार घेतला तो दार्तान्यांच्या आठवणी म्हणून 1700 साली छापलेल्या एका पुस्तकाचा, आणि त्या आठवणी दार्तान्यांच्या नव्हत्याच. कुर्तील द सांद्रास नावाच्या माणसाने त्या रचलेल्या होत्या. रिशल्यूने मिलेडीला दिलेल्या, जवळ बाळगणाऱ्याला अभय देणाऱ्या प्रसिद्ध चिठ्ठीवर एका प्रकरणात 3 डिसेंबर 1627 अशी तारीख आहे आणि शेवटच्या प्रकरणात तीच चिठ्ठी 5 ऑगस्ट 1628 ची होते. दार्तान्यां एकदा मस्केटिअर होतो, मग कसा कोण जाणे पुन्हा साधा गार्ड असतो आणि पुन्हा एकदा मस्केटिअर होतो.

या यादीत मी एका चुकीची भर घालते, कारण ती मला फार आवडते. ड्यूमाने अरामिसचे घर सेर्व्हांदोनी रस्त्याच्या कोपऱ्याजवळ ठेवले आहे. सेर्व्हांदोनी हा वास्तुशिल्पी जन्मला 1695 साली, म्हणजे कथेच्या काळात त्याच्या नावाचा रस्ता असणे शक्यच नाही. तेव्हा त्या रस्त्याचे नाव होते कबर खणणाऱ्यांचा रस्ता, आणि कादंबरीत त्याच जुन्या नावाच्या रस्त्यावर दार्तान्यां राहतो. म्हणजे दोघे मित्र एकाच रस्त्यावर राहतात आणि हे दोघांनाही ठाऊक नाही, लेखकालाही नाही! इटालियन लेखक उंबेर्तो एको यांनी या घोटाळ्याचा मोठ्या रसिकतेने ऊहापोह केलेला आहे. आमच्या शिक्षकांना मी ही गोष्ट सांगितली तेव्हा ते प्रथमच हसले आणि पुढचा भाग घेऊन गेले.

माझे मत विचाराल तर तारखांच्या चुकांनी या कादंबरीचे काही बिघडत नाही. तिचा खरा दोष वेगळ्या ठिकाणी आहे, आणि तो एका शाळकरी मुलाच्या आवडीमुळे माझ्या लक्षात आला. त्याला सर्वांत आवडलेला प्रसंग म्हणजे ला रोशेल या बंडखोर प्रोटेस्टंट शहराला राजाच्या सैन्याने घातलेल्या वेढ्यातली न्याहारी. शत्रूच्या माऱ्यातल्या बुरुजावर तासभर बसून न्याहारी करण्याची पैज चौघे मित्र लावतात, मेलेल्या सैनिकांना तटाशी उभे करून पहारेकरी बनवतात आणि निशाण म्हणून जेवणाचा रुमाल फडकवतात. प्रसंग बहारीचा आहे, यात शंका नाही. पण त्या तटापलीकडच्या शहरात काय चालले होते? वेढा सुरू होताना ला रोशेलमध्ये सुमारे 27 हजार माणसे होती; रिशल्यूने समुद्रात बांध घालून बंदर बंद केले, आणि ऑक्टोबर 1628 मध्ये शहर शरण आले तेव्हा जिवंत उरली होती सुमारे पाच हजार. बाकीची बहुतेक उपासमारीने आणि रोगाने गेली. ड्यूमा या दुष्काळाचा उल्लेख करतो, नाही असे नाही. पण तो ओझरता. वेढा म्हणजे उपासमार हे गडकिल्ल्यांच्या गोष्टींवर वाढलेल्या मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाही, आणि म्हणून ती न्याहारी दुसऱ्या वाचनात माझ्या घशाखाली उतरली नाही.

सर्वांत तीव्र मतभेद मात्र मिलेडीवरून होत. एक बाई दुपारची घरकामे आटोपून वाचनालयात येत. त्यांनी पुस्तक टेबलावर ठेवले आणि म्हणाल्या, “यात गुन्हेगार कोण, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.” मी त्या दिवशी काही उत्तर दिले नाही, पण घरी जाऊन पुस्तक पुन्हा उघडले. मिलेडीने विष घालून दार्तान्यांच्या प्रेयसीला, कॉन्स्टन्सला मारले, तिच्यावर पहारा करणाऱ्या फेल्टनला भुलवून बकिंगहॅमचा खून करवला, हे खरे. पण त्याआधी काय झाले? ती सोळा-सतरा वर्षांची असताना तिच्याशी लग्न केलेल्या अॅथॉसने, शिकारीत घोड्यावरून पडून ती बेशुद्ध झाली असता तिच्या खांद्यावर गुन्हेगाराला डागतात तो लिलीच्या फुलाचा डाग पाहिला आणि तिला एक शब्दही न विचारता झाडाला टांगले. दार्तान्यां रात्रीच्या अंधारात दुसऱ्याच पुरुषाच्या नावाने तिच्या खोलीत जातो, आणि या फसवणुकीला कादंबरीत खोडसाळपणापलीकडे किंमत नाही. शेवटी नदीकाठच्या एका झोपडीत तिचा न्याय होतो. फिर्यादी तेच, न्यायाधीश तेच आणि जल्लाद त्यांनीच बरोबर आणलेला. “तुम्ही दहा जण मिळून एका बाईचा गळा कापता आहात,” असे मिलेडी त्यांना सुनावते, आणि हे वाक्य तिच्या तोंडी ड्यूमानेच घातलेले आहे.

वकिली करणारे एक गृहस्थ या मताविरुद्ध हिरिरीने बोलत. काळ सतराव्या शतकाचा, मापे आजची का लावता, हा त्यांचा प्रश्न. त्यांचा मुद्दा मला पुरता पटत नाही, कारण खुद्द ड्यूमालाही तो पटलेला दिसत नाही. पुढच्या वर्षी, म्हणजे 1845 मध्ये, त्याने ‘वीस वर्षांनंतर’ हा पुढचा भाग लिहिला, तेव्हा मिलेडीचा मुलगा सूड घेण्यासाठी आला आणि त्याने आधी गाठले ते त्या जल्लादाला. अॅथॉसला त्या रात्रीचा पश्चात्ताप होतो, तोही याच भागात. वाचनालयातल्या त्या बाईंना हा दुसरा भाग मी स्वतःहून काढून दिला, परत करताना त्या एवढेच म्हणाल्या, “उशिरा का होईना, सुचलं त्याला.”

काही वाचकांच्या मते हे सगळे ठीक, पण ड्यूमाची खरी कादंबरी ‘काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’. चौदा वर्षे शातो दिफच्या कोठडीत काढलेल्या एदमाँ दाँतेसच्या सूडाची ती कथा आहे. रेडिओवरून बोलताना तिचा उल्लेख टाळणे बरे नव्हे, कारण ती ऐकली गेलेली कादंबरी आहे. क्युबातल्या विड्यांच्या, म्हणजे सिगारच्या कारखान्यांत कामगार पाने वळत असताना उंच आसनावर बसलेला वाचक त्यांना मोठ्याने पुस्तक वाचून दाखवी. त्याचे पैसे कामगारच वर्गणी काढून देत आणि कोणते पुस्तक वाचायचे तेही कामगारच ठरवत. दाँतेसची कथा तिथे इतकी आवडती झाली की 1935 साली निघालेल्या एका सिगारला मॉन्टे क्रिस्टो हेच नाव मिळाले. हाताने काम आणि कानाने कादंबरी, असे वाचक मला टेबलापलीकडे कधी भेटले नाहीत. भेटले असते तर त्यांचे मत मी सर्वांत आधी ऐकून घेतले असते.

याच परंपरेतल्या इतर लेखकांना आमच्याकडे वाचक कमी मिळाले. विन्यीची ‘सँक मार्स’ 1826 सालची, म्हणजे ड्यूमाच्या आधीची. तिच्यातला रिशल्यू काळाकुट्ट आहे, आणि ती वाचल्यावरच कळते की ड्यूमाने त्याच माणसाला किती उदारपणे रंगवले. ड्यूमाचा रिशल्यू शेवटी दार्तान्यांला शिक्षा न करता लेफ्टनंटपदाची कोऱ्या नावाची सनद देतो. पॉल फेव्हालची ‘कुबडा’ वेगात ड्यूमाला हार जाणार नाही, पण तिच्यातली माणसे पुस्तक मिटले की आठवत नाहीत.

चौघे मित्र मात्र आठवत राहतात, आणि त्याचे कारण मला असे दिसते, की ते वाचकाबरोबर म्हातारे होतात. ‘वीस वर्षांनंतर’मध्ये दार्तान्यां चाळिशीचा आहे, अजून लेफ्टनंटच आहे, वरिष्ठांवर चिडलेला आहे, 1648 च्या बंडाळीत चौघे मित्र दोन बाजूंना उभे राहतात. चौदाव्या वर्षी हा भाग कंटाळवाणा म्हणून परत करणारे काही वाचक चाळिशीला तो पुन्हा नेताना मी पाहिले आहेत, आणि नोकरीत अडकलेल्या माणसाला तो किती जवळचा वाटतो हे त्यांच्या तोंडूनच ऐकले आहे. तिसरा भाग ‘व्हिकोंट द ब्राझलोन’ आहे अवाढव्य, आणि त्याच्या मधल्या शेकडो पानांत दरबारातली प्रेमप्रकरणे चालू असतात. तिथे पाने उलटणाऱ्या वाचकाला मी दोष देत नाही. पण रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनने हाच भाग पाच-सहा वेळा वाचल्याचे लिहून ठेवले आहे.

त्या भागाच्या शेवटच्या पानावरून आमच्याकडे सर्वांत दीर्घ वाद झाला. अॅथॉस आणि पोर्थोस गेलेले आहेत. दार्तान्यांला मार्शलच्या, म्हणजे सेनापतीच्या पदाची खूण असलेली काठी मिळते आणि त्याच क्षणी तोफेचा गोळा त्याला लागतो. मरताना तो पुटपुटतो: अॅथॉस, पोर्थोस, पुन्हा भेटू, अरामिस, कायमचा निरोप. अरामिस एकटाच जिवंत आहे. मग जिवंत मित्राला कायमचा निरोप का? शिक्षकांचे मत असे, की मरणाऱ्या माणसाला मेलेले भेटणार, जिवंत भेटणार नाही, इतका सरळ त्याचा अर्थ आहे. वकिलांचे म्हणणे वेगळे होते: अरामिसने कटकारस्थानांत पोर्थोसचा बळी दिला, तेव्हा स्वर्गातही त्याची भेट व्हायची नाही, असा तो निवाडा आहे.

दुपारी येणाऱ्या त्या बाई दोघांचे ऐकून घेत होत्या. त्या म्हणाल्या, “आपण घरातून निघताना ‘जाते’ म्हणतो का? ‘येते’ म्हणतो. त्यानं दोघांना ‘येतो’ म्हटलं आणि तिसऱ्याला ‘जातो’.” आणि पिशवीत पुस्तक घालून, आम्हा तिघांना ‘येते हं’ म्हणून त्या जिना उतरून गेल्या.