वेळेचा पैसा फंड

नमस्कार मंडळी,

तळेगाव दाभाड्याचा काच कारखाना तुमच्यापैकी काहींना ऐकून माहीत असेल. १९०८ साली तो उभा राहिला पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांचं मागणं साधं होतं, माणशी एक पैसा. लोकमान्य टिळकांनी ते उचलून धरलं. मला आज तुमच्याकडे तसाच फंड मागायचा आहे, पण वेळेचा.

गेल्या दिवाळीनंतर आपण इथल्या फूड बँकेसाठी, म्हणजे गरजूंना मोफत खाद्यपदार्थ देणाऱ्या संस्थेसाठी, स्वयंसेवक हवेत असं आवाहन केलं. दर शनिवारी चार तास, आणि आधी प्रशिक्षण. तीन हात वर आले. मला फार वाईट वाटलं. पण नंतर एकेकाशी बोललो. कुणाची रात्रपाळी, कुणाचं बाळ सहा महिन्यांचं, कुणी शनिवारीच गावाकडे आईशी निवांत बोलतं. आस्था सगळ्यांना होती. आपण मागितलं तेच न परवडणारं होतं.

मग पुढच्या कार्यक्रमानंतर याच हॉलमध्ये फक्त अर्धा तास मागितला. फूड बँकेच्या हवाबंद डब्यावरची मुदतीची तारीख शोधायची, जाड मार्करने ती वर ठळक लिहायची आणि महिन्यावार खोक्यांत डबे लावायचे. राजमा, टोमॅटो, ट्यूना. काही तारखा बुडाशी इतक्या पुसट होत्या की आपले एक आजोबा चष्मा कपाळावर सरकवून डबा डोळ्यांशी नेत होते आणि नात त्यांच्या शेजारी आकडे लिहीत होती. सोळा जण थांबले. जेवणं गार झाली, पण कुणी उठलं नाही.

'बी माय आईज' हे ॲप मला याच कारणासाठी आवडतं. डेन्मार्कच्या हान्स यॉर्गन विबर्ग यांची ही कल्पना. त्यांची स्वतःची दृष्टी अधू आहे. २०१५ पासून ते सुरू आहे. दृष्टिहीन माणूस व्हिडिओ कॉल करतो आणि आपण त्याच्या फोनच्या कॅमेऱ्यातून पाहून सांगतो. मला एका बाईंचा कॉल आला, हातात दोन सारख्याच बाटल्या. "डावीकडची शांपूची," एवढंच मी सांगितलं. दोन मिनिटंही लागली नाहीत. यातली खरी युक्ती अशी, की कॉल एकाच वेळी अनेकांकडे जातो. तुम्ही कामात असाल तर दुसरं कुणीतरी उचलतं. तुम्हाला नाही म्हणता येतं, आणि समोरच्याचं काहीही अडत नाही.

सगळीच कामं अशी तुकड्यांत वाटता येत नाहीत, हेही सांगतो. एकट्या राहणाऱ्या आजींकडे दर आठवड्याला वेगळा चेहरा पाठवणं बरं नाही. तिथे ठरलेलं एकच माणूस हवं. आणि पन्नास जणांच्या अर्ध्या अर्ध्या तासांची मोट बांधायला कुणाला तरी पुष्कळ तास द्यावे लागतात. आजवर ते आपल्या दोन ताईंनी दिले, आपण त्यांना गृहीत धरलं. यापुढे ही जबाबदारी दर तीन महिन्यांनी बदलेल. पहिली पाळी माझी.

चहाच्या टेबलाजवळ कागद लावलाय. प्रत्येक कामापुढे मिनिटं लिहिली आहेत: डबे लावणं ३०, गाडीतून खोकी पोचवणं ४०, एका आजोबांना आलेलं सरकारी पत्र वाचून समजावणं १५. ज्याला जे जमेल त्यापुढे नाव लिहा. आजोबांचं पत्र मंगळवारच्या आत वाचायला हवं, त्या ओळीपुढे अजून कुणाचं नाव नाही.