भिंत कशाची घालायची?

नारळी पौर्णिमेआधी हर्णैच्या किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्यांची डागडुजी सुरू होते आणि खाऱ्या पाण्याने खाल्लेला खिळा उपटून त्या जागी नवा ठोकला जातो. लोखंड खराब होणारच, हे दर्यावर्दी माणूस गृहीत धरतो. पण त्याचा हात त्या खिळ्यापर्यंत पोहोचतो. हलक्या अणूंची केंद्रके एकत्र जुळवून ऊर्जा काढणाऱ्या संलयन अणुभट्टीच्या आतल्या भिंतीजवळ, एकदा भट्टी चालली की, माणूस जाऊच शकत नाही. तिथली दुरुस्ती यंत्रहातांनीच करावी लागते.

याच कोकणपट्टीत, तारापूरला, १९६९ साली देशातील पहिली अणुवीज तयार झाली. तिथे युरेनियमच्या विखंडनातून, म्हणजे त्याचे केंद्रक फुटण्यातून, सुटणाऱ्या न्यूट्रॉनची सरासरी ऊर्जा सुमारे २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट (अणुकणांची ऊर्जा मोजण्याचे एकक) असते. ड्युटेरियम आणि ट्रिटियम या हायड्रोजनच्या जड रूपांच्या संलयनातून निघणाऱ्या न्यूट्रॉनची मात्र १ कोटी ४१ लाख, म्हणजे सातपट. सुमारे १५ कोटी अंश सेल्सिअस तापलेला प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, चुंबकीय क्षेत्राने भिंतीपासून दूर ठेवता येतो, पण न्यूट्रॉनवर विद्युतभारच नसल्याने चुंबक त्याला अडवू शकत नाही. तो थेट धातूत शिरतो आणि अणूंना जागेवरून उडवतो. काही अणूंपासून हेलियम तयार होतो. त्याचे सूक्ष्म बुडबुडे धातूच्या कणांच्या सीमांवर साचतात आणि पोलाद ठिसूळ होते.

म्हणून इथे धातू निवडताना तो आज किती मजबूत आहे एवढेच पाहून भागत नाही, तर न्यूट्रॉनच्या माऱ्याने त्याचे पुढे काय होईल हे आधी पाहावे लागते. औष्णिक वीज केंद्रांत वापरले जाणारे ९ टक्के क्रोमियमचे पोलाद उत्तम आहे. परंतु त्यातील मॉलिब्डेनम आणि नायोबियम दीर्घकाळ किरणोत्सारी राहणारी मूलद्रव्ये निर्माण करतात. त्यांच्या जागी टंगस्टन आणि टँटलम घालून नवे पोलाद घडवले गेले. भारतातही कल्पाक्कम, गांधीनगर आणि हैदराबाद येथील संस्थांनी मिळून १.४ टक्के टंगस्टनचे असे पोलाद विकसित केले, आणि हे काम जेवढे गाजायला हवे होते तेवढे गाजले नाही, असे आम्हाला मनापासून वाटते.

प्लाझ्माच्या अगदी समोर मात्र शुद्ध टंगस्टन लागते. ते ३,४२२ अंशांना वितळते, पण थंड असताना ठिसूळ असते आणि त्याचे कण प्लाझ्मात मिसळले तर प्लाझ्मा थंडावतो.

या सर्व धातूंची खरी परीक्षा अजून व्हायची आहे, कारण इतक्या ऊर्जेच्या न्यूट्रॉनचा दीर्घकाळ मारा करणारे पुरेसे प्रखर साधन जगात उपलब्ध नाही. त्यासाठी स्पेनमधील ग्रॅनडाजवळ वाहत्या द्रवरूप लिथियमवर ड्युटेरॉनचा, म्हणजे ड्युटेरियमच्या केंद्रकांचा, झोत सोडून न्यूट्रॉन निर्माण करणारे केंद्र उभारले जात आहे. त्या झोतामागे प्रखर माऱ्याची जागा जेमतेम अर्धा लिटर असेल, आणि तिच्यात मावणाऱ्या लहान लहान तुकड्यांवरून संपूर्ण भिंतीचे आयुष्य ठरवावे लागणार आहे.