137 नमुने, एक रुग्ण

(पडद्यावर: मुंबई, सकाळ. दाट वस्तीला लागून वाहणारा मोठा नाला. दोरी बांधलेली बादली खाली सोडली जाते.)

सकाळी सहा-सातची वेळ. वस्तीत पाणी आलंय. सार्वजनिक शौचालयापुढे डबे घेऊन रांग लागली आहे, मोऱ्या वाहायला लागल्या आहेत. दिवसभरात गटार सर्वांत भरून वाहतं ते याच सुमाराला, म्हणून पोलिओचा विषाणू शोधायला सांडपाण्याचा नमुना घ्यायचा तोही आत्ताच. हातात मोजे, पायात गमबूट. बादली भरून वर ओढायची आणि त्यातलं लिटरभर पाणी बाटलीत ओतायचं. बूच घट्ट लावायचं, बाटलीवर जागा, तारीख आणि वेळ लिहायची, आणि बाटली थेट बर्फाच्या डब्यात ठेवायची. वास येतोच. त्याबद्दल कुणी काही बोलत नाही.

लस थंड ठेवून वस्तीपर्यंत न्यायची, ती शीतसाखळी आपल्याला माहीत आहे. इथे डब्याचा प्रवास उलटा, वस्तीतून प्रयोगशाळेकडे. आरोग्य खात्यातली माणसं याला सरळ 'रिव्हर्स कोल्ड चेन' म्हणतात.

या बाटलीत काही हजार घरांची सकाळ एकत्र आलेली असते. कुणाचं काय, ते सांगता येत नाही. या कामात ते कळायची गरजही नसते.

(पडद्यावर: पल्स पोलिओचा बूथ. करंगळीच्या नखावर शाईची खूण. चाळीच्या दारावर खडूनं काढलेलं 'पी'.)

पोलिओचा विषाणू तोंडावाटे शरीरात जातो, आतड्यात वाढतो आणि शौचावाटे बाहेर पडतो. एकदा पडला की काही आठवडे पडत राहतो. पण लागण झालेल्या साधारण 200 मुलांमागे एकाच मुलाला कायमचा लुळेपणा येतो. उरलेल्यांपैकी काहींना दोन दिवस कणकण, घसा दुखणं. बहुतेकांना तेही नाही. आई म्हणते, दात येत असतील. मूल खेळत राहतं, विषाणू वस्तीत फिरत राहतो.

आता आरोग्य खात्याच्या बाजूनं हाच हिशेब मांडून बघा. भारतात नव्वदच्या दशकाअखेर एक पक्की व्यवस्था उभी राहिली होती. 15 वर्षांखालच्या मुलाचा हात किंवा पाय अचानक लुळा पडला, की डॉक्टरनं कळवायचं आणि त्या मुलाच्या शौचाचे दोन नमुने, किमान एका दिवसाच्या अंतरानं घेऊन, प्रयोगशाळेकडे पाठवायचे. व्यवस्था उत्तम होती. पण ती सुरू व्हायची ते एका मुलाचा पाय गेल्यावर. तोपर्यंत त्याच्या मागे शे-दोनशे मुलांना लागण होऊन गेलेली असायची.

मुंबईत 1999 आणि 2000 या दोन वर्षांत मिळून लुळेपणाचे तीन पोलिओ रुग्ण सापडले. एवढ्या मोठ्या शहरात तीन. पण लसीकरण चांगलं होतं, मोहिमा नीट पार पडत होत्या, स्वयंसेवक जिने चढून दारोदार जात होते. मग हे तीन आले कुठून? आणि आजारी न पडलेली किती?

(पडद्यावर: परळ, आचार्य दोंदे मार्ग. हाफकिनचं आवार, जुनी झाडं, दगडी इमारत.)

याचं उत्तर शोधायला परळच्या एंटेरोव्हायरस रिसर्च सेंटरमधल्या मंडळींनी थेट गटाराकडे मोर्चा वळवला. आतड्यात वाढणाऱ्या विषाणूंवर काम करणारं हे केंद्र हाफकिन संस्थेच्या आवारातलं, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचं (आयसीएमआर). डॉ. जगदीश देशपांडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2001 साली जास्त धोक्याच्या तीन झोपडपट्टी भागांतून दर आठवड्याला सांडपाण्याचे नमुने घ्यायला सुरुवात केली.

कल्पना अगदी नवी नव्हती. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या जॉन पॉल आणि जेम्स ट्रास्क यांनी 1940 च्या सुमाराला सांडपाण्यात पोलिओचा विषाणू असतो हे दाखवून दिलं होतं. त्या काळी त्यासाठी माकडांना ते पाणी टोचावं लागायचं. परळच्या प्रयोगशाळेत माकडांची गरज उरली नव्हती, पण काम किचकट होतंच.

(पडद्यावर: प्रयोगशाळा. काचेचं शंकूच्या आकाराचं नरसाळं, खाली तोटी. आतल्या द्रवाचे दोन थर दिसतात.)

इथे जरा थांबू.

लिटरभर गटारपाण्यात पोलिओचे विषाणू असले तरी किती असणार? मूठभर. बाकी सगळा गाळ, साबण, तेल, जिवाणू. म्हणून आधी पाणी यंत्रात वेगानं फिरवून गाळ खाली बसवतात. तो फेकत नाहीत, त्यालाही विषाणू चिकटलेले असतात. वरच्या पाण्यात डेक्स्ट्रान, पॉलिएथिलीन ग्लायकॉल आणि मीठ घालून ते ढवळतात आणि तोटीच्या नरसाळ्यात ओतून रात्रभर फ्रिजच्या थंडीत ठेवून देतात. सकाळपर्यंत त्याचे दोन थर झालेले असतात. विषाणू जमतात ते खालच्या पातळ थरात आणि दोन थरांच्या मधल्या सांध्यात. तोटी हळूच उघडायची आणि तेवढाच भाग थेंबाथेंबानं काढून घ्यायचा. बाटलीतलं तपासायला घेतलेलं अर्धा लिटर पाणी शेवटी काही मिलिलिटरवर येतं. मग त्यात क्लोरोफॉर्म घालायचा. जिवाणू आणि बुरशी मरतात, पोलिओला काही होत नाही.

यानंतर हा अर्क जिवंत पेशींवर सोडायचा. त्यातल्या एका प्रकारच्या पेशी मुळात उंदराच्या. उंदराच्या पेशीत पोलिओचा विषाणू शिरूच शकत नाही. पण या पेशींमध्ये माणसाच्या शरीरातलं, नेमकं पोलिओला लागणारं दार जनुकीय तंत्रानं बसवलेलं असतं. त्यामुळे गटारातले इतर असंख्य आतड्याचे विषाणू बहुतेक बाहेरच राहतात, पोलिओ आत येतो. तळाला चिकटून पसरलेल्या पेशी दोन-चार दिवसांत भिजवलेल्या साबुदाण्यासारख्या गोल होऊन सुटायला लागतात. सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसलं, की काहीतरी सापडलंय.

पण काय सापडलंय? खरी कटकट इथून पुढे. आपल्याकडच्या तोंडावाटे द्यायच्या लसीत जिवंत, दुबळा केलेला पोलिओचाच विषाणू असतो. रविवारी बूथवर लाखो मुलांनी दोन-दोन थेंब घेतले, की पुढचे काही आठवडे तो विषाणूही गटारात उतरतो. मुंबईच्या सांडपाण्यात पोलिओ सापडणं म्हणजे मोहीम नीट झाली असंही असू शकतं! लसीतला कुठला आणि रानटी, म्हणजे निसर्गात फिरणारा मूळ विषाणू कुठला, हे प्रत्येक वेळी वेगळं करावं लागतं.

(पडद्यावर: आकडे एकेक करून उमटतात.)

2001 या एका वर्षात 137 नमुने तपासले गेले. त्यांतल्या 35 नमुन्यांत टाइप 1 चा, म्हणजे विषाणूच्या तीन प्रकारांपैकी पहिल्या प्रकारचा रानटी पोलिओ सापडला, आणि एका नमुन्यात टाइप 3 चा. म्हणजे दर चार बाटल्यांमागे साधारण एका बाटलीत विषाणू. त्याच वर्षी, त्याच शहरात, लुळेपणा आलेला पोलिओचा रुग्ण होता एक.

दवाखान्यांच्या नोंदी बघून कुणीही म्हटलं असतं, मुंबई जवळजवळ सुटली. गटार सांगत होतं की विषाणू शहरात पुन्हा पुन्हा येतोय. आणि त्या एका मुलाला ज्या विषाणूनं गाठलं, तो सांडपाण्यात तीन महिने आधीच दिसला होता.

तीन महिने. माझ्या मते या सगळ्या कहाणीत लक्षात ठेवावा असा आकडा हाच.

(पडद्यावर: जनुकीय अक्षरांची लांबच लांब ओळ. काही अक्षरं लाल होतात.)

पुढचा प्रश्न, हा आला कुठून? पोलिओच्या विषाणूच्या बाहेरच्या कवचाचा एक भाग आहे, व्हीपी-1. त्याची जनुकीय ओळ सुमारे 900 अक्षरांची. विषाणू एकाकडून दुसऱ्याकडे जाताना त्यात चुका होत जातात, वर्षाला साधारण एक टक्का, म्हणजे नऊएक अक्षरं. दोन विषाणूंच्या ओळी शेजारी ठेवल्या, की त्यांची ताटातूट कधी झाली असेल याचा अंदाज बांधता येतो.

मुंबईच्या गटारातले विषाणू असे ताडून पाहिले, तर ते मुंबईतल्या जुन्या रुग्णांच्या विषाणूंशी जुळेनात. ते चार वेगवेगळ्या घराण्यांतले निघाले, आणि चारही घराणी नुकतीच उत्तर प्रदेशातल्या रुग्णांमध्ये दिसलेली. म्हणजे मुंबईत पोलिओचं ठाणं उरलेलं नव्हतं. तो वर्षभरात अनेकदा बाहेरून येत होता, थोडा काळ फिरत होता आणि विझत होता.

'बाहेरून' हा शब्द मुंबईत उच्चारला, की लगेच कुणाकडे तरी बोट दाखवलं जातं. म्हणून इथेच सांगून टाकतो. रेल्वेनं माणसं दोन्ही दिशांना जातात, सणाला गावी जाणारी पोरंही परत येतात. शास्त्रज्ञांनी या निष्कर्षातून काढलेला अर्थ साधा होता: मुंबईतल्या मुलाचा पाय वाचवायचा असेल तर उत्तर प्रदेशात लस पोचवा. आणि मुंबईत आलेला विषाणू विझत होता, तो इथल्या मुलांनी घेतलेल्या थेंबांमुळे.

मुंबईचा प्रयोग पुढे दिल्लीत गेला, पाटण्यात गेला. भारतातल्या सांडपाण्यात रानटी पोलिओ शेवटचा सापडला तो नोव्हेंबर 2010 मध्ये, मुंबईतच. शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 चा, पश्चिम बंगालमधल्या हावड्याची एक लहान मुलगी. 27 मार्च 2014 रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाला, म्हणजे आपल्या भागाला, पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. नवा रुग्ण नाही, एवढ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता. गटारही सतत रिकामं निघायला हवं होतं.

(पडद्यावर: मे 2020. ओस पडलेला रस्ता, बंद दुकानं.)

कोविड आला तेव्हा परळचे बर्फाचे डबे आणि नरसाळी तयारच होती. केंद्राचं नाव तोवर बदललं होतं, ते पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचं मुंबई केंद्र झालं होतं. पोलिओसाठी वापरायची तीच पद्धत कोविडवर चालवून पाहिली. साथ येण्याआधीच्या नमुन्यांत काही नव्हतं. मे 2020 मध्ये, टाळेबंदी चालू असताना घेतलेल्या नमुन्यांत, तपासलेल्या सहाही वॉर्डांत, विषाणूच्या खुणा होत्या. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनीही मैलापाण्यातून हा माग काढला.

खुणाच म्हणायचं. पोलिओचा विषाणू चिवट, गटारात जिवंत राहतो आणि पेशींवर वाढवता येतो. कोविडच्या विषाणूला चरबीचं पातळ आवरण असतं, ते साबणानंच फुटतं. त्यामुळे हाती येतात ते त्याच्या जनुकांचे तुकडे, आणि ते मोजायचे पीसीआरवर.

मोजण्यातही एक गंमत आहे. आज बाटलीत तुकडे कमी आले, ते साथ ओसरली म्हणून, की रात्री पाऊस पडून पाणी पातळ झालं म्हणून? ते ठरवायला माणसाच्या शौचात हमखास सापडणारं काहीतरी सोबत मोजावं लागतं. जगभरातल्या अनेक प्रयोगशाळा त्यासाठी मिरचीच्या झाडावरचा एक विषाणू मोजतात. आपण मिरची, तिखट, सॉस खातो, तो विषाणू पोटातून सहीसलामत बाहेर पडतो. त्याचं प्रमाण धरून बाकीचा हिशेब लावायचा. कोल्हापुरात या पद्धतीला अडचण येऊ नये!

(पडद्यावर: गावाबाहेरची घरं. अंगणातल्या शौचालयामागे शोषखड्डा.)

या पद्धतीचं दुखणं मात्र लपवण्यासारखं नाही. ती गटाराच्या भरवशावर चालते. महाराष्ट्रातल्या बहुतेक खेड्यांत मैला वाहून नेणारी गटारंच नाहीत, शौचालयाला शोषखड्डा किंवा सेप्टिक टाकी असते. तिथे नमुना घ्यायचा कुठून? मुंबईतही अनेक वस्त्यांचा मैला भुयारी गटारापर्यंत पोचत नाही, उघड्या नाल्यात जातो. शुद्धीकरण केंद्रावर घेतलेल्या नमुन्यात त्या वस्त्या नसतात, म्हणून बादली नाल्यातही सोडावी लागते. पावसाळ्यात नाल्याला पूर आला की नमुना घेऊनही फारसं हाती लागत नाही.

आणि गटार फक्त विषाणू कुठे आहे ते सांगतं. पुढे काय करायचं, ते माणसांनी ठरवायचं असतं.

2016 साली हैदराबादमध्ये ते ठरवावं लागलं. त्या एप्रिलमध्ये देशानं तोंडावाटे द्यायच्या लसीतून टाइप 2 काढून टाकला होता. जूनमध्ये तिथल्या सांडपाण्याच्या एका नमुन्यात लसीतून निपजलेला, पण बदलत जाऊन पुन्हा लुळेपणा आणू शकेल असा टाइप 2 विषाणू सापडला. एकही मूल आजारी नव्हतं. वाट बघितली असती तर कुणी दोष दिला नसता. पण त्याच महिन्यात हैदराबाद आणि रंगारेड्डी जिल्ह्यांच्या धोक्याच्या भागांत मोहीम लागली, आणि सुमारे 3 लाख मुलांना इंजेक्शनच्या लसीचा छोटा डोस त्वचेत टोचला गेला. एका बाटलीवरून.

लंडनमध्ये 2022 साली असंच झालं. बेक्टनच्या मैलाशुद्धीकरण केंद्रात पोलिओ सापडला आणि शहरातल्या एक ते नऊ वर्षांच्या मुलांना जादा डोस देऊ केला गेला. रुग्ण तिथेही नव्हता.

(पडद्यावर: प्रयोगशाळेतली नोंदवही. तारखांचा स्तंभ.)

पाकिस्तान आणि अफगाणिस्तानात रानटी पोलिओ अजून आहे. त्यामुळे भारतातली ही तपासणी प्रमाणपत्र मिळाल्यानंतरही थांबवली गेली नाही. नमुने येतात, पेशींवर चढतात. बहुतेक वेळा निकाल निगेटिव्ह येतो किंवा लसीतलाच विषाणू निघतो, आणि त्याची बातमी होत नाही.