युद्ध संपल्यावर सैन्य कुणाच्या संमतीने थांबते?

अध्यक्ष महोदय आणि इंदूरकर मित्रहो,

युद्ध संपल्यानंतर परमुलखात सैन्य किती काळ ठेवावे, हा वाद आपण बहुतेक वेळा सैन्य पाठवणाऱ्या देशाच्या बाजूनेच ऐकतो. खर्च किती झाला, जवान किती पडले, माघार घेतली तर जगात पत राहील का, हे त्या वादातले ठरलेले मुद्दे असतात. ज्यांच्या वेशीबाहेर ही छावणी पडलेली असते त्यांचे मत मात्र त्यात क्वचितच विचारले जाते. इंदूरच्या माणसाने हा विषय त्या दुसऱ्या बाजूने पाहावा, कारण आपल्या शहराचा आधुनिक इतिहासच अशा एका छावणीपासून सुरू होतो.

21 डिसेंबर 1817 रोजी महिदपूरला शिप्रेच्या काठी होळकरांच्या फौजेचा पराभव झाला आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच, 6 जानेवारी 1818 रोजी, मंदसौरचा तह झाला. दुसरे मल्हारराव तेव्हा अकरा-बारा वर्षांचे होते आणि त्यांच्या वतीने तात्या जोग बोलणी करत होते. मुलखात शांतता राखण्यासाठी आणि परचक्रापासून संरक्षणासाठी कंपनी सरकार आपली फौज ठेवील, असे तहात ठरले आणि त्यातून इंदूरजवळची महूची छावणी वसली. मुलूख लुटणाऱ्या पेंढाऱ्यांचा बंदोबस्त थोड्याच काळात झाला, म्हणजे सांगितलेले कारण संपले. फौज मात्र 1947 पर्यंत हलली नाही. संमती एकदाच घेतली गेली, तीही पराभूत दरबाराकडून, आणि ती पुन्हा विचारण्याची सोय तहात नव्हती. ग्वाल्हेरचा किल्लाही 1858 च्या लढाईनंतर इंग्रजांच्या ताब्यात राहिला, तो शिंद्यांना 1886 मध्ये परत मिळाला. परक्या सैन्याचे वास्तव्य कसे लांबत जाते हे आपल्याला पुस्तकातून शिकावे लागू नये.

पण आज मला मुख्यतः स्वतंत्र भारताबद्दल बोलायचे आहे, कारण आपणही सैन्य बाहेर पाठवले आहे, आणि त्याबाबतचे आपले दोन अनुभव एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत.

पहिला अनुभव बांगलादेशाचा. 16 डिसेंबर 1971 रोजी ढाक्यात पाकिस्तानी फौजेने शरणागती पत्करली, सुमारे 93,000 युद्धकैदी आपल्या हाती आले आणि एका नव्या देशाची सारी व्यवस्था काही काळ भारतीय सैन्याच्या आधारावर उभी राहिली. त्या क्षणी थांबण्याची कारणे थोडी नव्हती. रस्ते आणि पूल उद्ध्वस्त झालेले होते, शस्त्रे गावोगाव पसरलेली होती आणि नवे सरकार अजून घडी बसवत होते. तरीही पाकिस्तानच्या कैदेतून सुटून आलेल्या शेख मुजीबुर रहमान यांनी फेब्रुवारी 1972 मध्ये कोलकात्याच्या भेटीत सैन्य परत नेण्याचा विषय काढला, इंदिरा गांधींनी तो मान्य केला आणि 25 मार्चची मुदत जाहीर झाली. मुदतीच्या आधीच, 12 मार्चला, ढाक्यात निरोपाचे संचलन झाले. युद्ध जिंकून देणारे सैन्य तीन महिन्यांत घरी परतले. भारताच्या परराष्ट्र धोरणातील हा सर्वांत मोठ्या संयमाचा निर्णय होता असे माझे मत आहे. विजयाच्या कथा आपण पुष्कळ सांगतो. या निर्णयाची आठवण मात्र पुरेशी काढत नाही.

दुसरा अनुभव श्रीलंकेचा, आणि तो अधिक सविस्तर सांगितला पाहिजे. 29 जुलै 1987 रोजी राजीव गांधी आणि अध्यक्ष जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या आणि भारतीय शांतिसेना जाफन्याकडे निघाली. हेतू श्रीलंकेचे सरकार आणि तमिळ बंडखोर या दोन्ही बाजूंमध्ये उभे राहून शस्त्रे खाली ठेवून घेण्याचा होता. ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीच सेना लिट्टे या तमिळ बंडखोर संघटनेशी लढू लागली होती. उद्देश पूर्णपणे बदलला, पण तो बदलला आहे, आता नवे कारण कोणते आणि त्याची मर्यादा कोणती, हे देशाला कुणी नीट समजावून सांगितले नाही. सुरुवातीच्या तुकड्यांवर आणखी तुकड्या जात राहिल्या आणि शेवटी संख्या ऐंशी हजारांच्या आसपास पोहोचली. अकराशेहून अधिक जवान परत आले नाहीत. महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन 25 नोव्हेंबर 1987 रोजी जाफना भागात घातपाती हल्ल्याशी झुंजताना पडले आणि त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले. महूच्या आर्मी वॉर कॉलेजमध्ये आणि इन्फन्ट्री स्कूलमध्ये शिकून गेलेल्या अधिकाऱ्यांची घरे आपल्या परिसरात आहेत. त्यांच्यासमोर मी हे नाव पूर्ण आदराने घेतो.

तिकडे ज्यांच्या भूमीवर हे सारे चालले होते, त्यांचे मत झपाट्याने फिरले. सिंहली दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या पक्षाने भारतीय उपस्थितीविरुद्ध रान उठवले. ज्या तमिळांच्या रक्षणासाठी आपण गेलो होतो, त्यांची घरेदारेही लढाईत सापडली. जयवर्धनेंनंतर अध्यक्ष झालेले प्रेमदासा यांनी जून 1989 मध्ये जाहीरपणे सांगितले की जुलैअखेरपर्यंत भारतीय सेना गेली पाहिजे. आपण लगेच गेलो नाही. करारातली आश्वासने अपुरी आहेत आणि तमिळांच्या सुरक्षिततेची हमी हवी, असे दिल्लीचे म्हणणे होते. त्यात तथ्यही होते. परंतु बोलावणाऱ्या देशाने जा म्हटल्यानंतर थांबलेल्या सैन्याचे स्वरूप बदलते, ही गोष्ट महिदपूरनंतर या माळव्यात जन्मलेल्या पिढ्यांनी तरी ओळखायला हवी. विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या सरकारच्या काळात 24 मार्च 1990 रोजी अखेरच्या तुकड्या परतल्या. मद्रास बंदरावरच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत.

हे मला आजही बोचते. धोरण चुकले असे मानण्याचा करुणानिधींना पूर्ण अधिकार होता आणि तमिळ जनतेचे दुःख ते मांडत होते. पण मतभेदाची जागा विधिमंडळ, संसद आणि जाहीर सभा ही आहे. हुकूम पाळून परतलेल्या शिपायावर तो राग निघता कामा नये. आणि याच तर्काने उलट बाजूही सांगितली पाहिजे. सैन्य परत आणा असे म्हणणाऱ्याला जवानांचा अपमान करणारा ठरवणे हाही तितकाच अन्याय आहे. धोरणावर वेळेत वाद झाला असता तर कदाचित काही जवान वाचले असते.

वेळेत वाद झाल्याचे उदाहरणही आपल्याकडेच आहे. 2003 मध्ये इराकचे मुख्य युद्ध संपल्यावर अमेरिकेने भारताकडे एका डिव्हिजनएवढे सैन्य मागितले. सरकारमध्ये दोन मते होती. सोनिया गांधी यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून विरोध कळवला, वृत्तपत्रांत आठवडेच्या आठवडे चर्चा चालली, आणि 14 जुलै 2003 रोजी मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने स्पष्ट केले की संयुक्त राष्ट्रांचा उघड आदेश असल्याशिवाय हा विचार होणार नाही. ग्वाल्हेरच्या मातीतून आलेल्या अटलजींनी त्या वादाला पुरेसा अवकाश दिला, याचे श्रेय त्यांना दिले पाहिजे.

सैन्याच्या वास्तव्याला मुदत घालण्यावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप असा की परतण्याची तारीख जाहीर केली की शत्रू फक्त वाट पाहत बसतो. इराकच्या संसदेने नोव्हेंबर 2008 मध्ये संमत केलेल्या अमेरिकेशी झालेल्या कराराप्रमाणे अमेरिकी फौज डिसेंबर 2011 मध्ये बाहेर पडली आणि जून 2014 मध्ये मोसुल इसिसच्या हाती गेले, हे खरे आहे. परंतु त्यानंतर मदत इराकी सरकारनेच मागितली आणि अमेरिकी सैन्य त्या विनंतीवरून पुन्हा इराकमध्ये आले. अफगाणिस्तानचे उदाहरण वेगळे आहे. 29 फेब्रुवारी 2020 चा दोहा करार अमेरिका आणि तालिबान यांच्यात झाला. काबूलचे सरकार त्यात पक्षकार नव्हते. 15 ऑगस्ट 2021 रोजी काबूल पडले तेव्हा अनेकांनी तारखेला दोष दिला. मला अधिक गंभीर दोष हा वाटतो की ज्यांच्या देशातून निघायचे त्यांना बोलण्यांतून वगळले गेले.

ज्याच्या भूमीवर सैन्य थांबते तो यजमान म्हणजे कोण, हा प्रश्नही सोपा नाही. जपानच्या एकूण भूभागापैकी ओकिनावाचा वाटा अवघा 0.6 टक्के, पण जपानमधील केवळ अमेरिकी वापरासाठी असलेल्या लष्करी जमिनीपैकी सुमारे 70 टक्के जमीन त्या बेटांवर आहे. टोकियोचे सरकार संमती देते. 24 फेब्रुवारी 2019 च्या सार्वमतात ओकिनावातील मतदान केलेल्यांपैकी सुमारे 72 टक्क्यांनी हेनोको येथील नव्या अमेरिकी तळासाठी समुद्रात घालायच्या भरावाला विरोध केला. तरी काम चालू राहिले. राजधानीची संमती आणि तळाशेजारच्या गावाची संमती यांत एवढे अंतर पडले की कागदावरचा करार कायदेशीर राहतो, पण त्याची नैतिक बाजू लंगडी होते.

आपल्याकडे परदेशात सैन्य पाठवण्यास किंवा तिथे ठेवण्यास संसदेची पूर्वसंमती लागत नाही. 1987 मध्ये लागत नव्हती, आजही लागत नाही. जर्मनीत 12 जुलै 1994 च्या घटनात्मक न्यायालयाच्या निकालानंतर परदेशातील सशस्त्र कामगिरीला बुंडेस्टागची, म्हणजे तिथल्या संसदेची, मंजुरी लागते आणि ती बहुधा एका वर्षापुरती असते. अफगाणिस्तानच्या बाबतीत हे नूतनीकरण जवळपास वीस वर्षे होत राहिले, आणि पुढे पुढे ते उपचारासारखे झाले अशी टीका तिथेच झाली. तरीही दरवर्षी मंत्र्याला उभे राहून उद्देश, संख्या आणि खर्च सांगावा लागला. आपल्या संसदेनेही असा कायदा करावा, त्यात मुदत असावी, आणि मुदतवाढीच्या ठरावासोबत यजमान देशाच्या विधिमंडळाचे ताजे मत पटलावर ठेवणे बंधनकारक असावे, अशी मागणी मी इथून करतो. पुढच्या वेळी एखादा शेजारी सैन्य मागेल तेव्हा या कायद्याचा मसुदा तयार असायला हवा, कारण लढाई सुरू झाल्यावर असे कायदे कुणी करत नाही.