जानिबेकोव्ह आणि गोठलेले साल्युत-७

नमस्कार. व्लादिमीर जानिबेकोव्ह हे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, आणि मला ते अन्यायाचे वाटते. १९७० मध्ये सोव्हिएत अंतराळवीरांच्या पथकात आलेल्या या वैमानिकाने १९७८ ते १९८५ या काळात पाच उड्डाणे केली आणि पाचही वेळा यानाचे नेतृत्व त्यांच्याकडेच होते. १९८२ मध्ये, फ्रेंच अंतराळवीर ज्याँ-लू क्रेतिएँ सोबत असताना, साल्युत-७ या सोव्हिएत अंतराळ स्थानकाजवळ पोहोचता पोहोचता त्यांच्या सोयुझ यानाचा संगणक बंद पडला, तेव्हा जानिबेकोव्ह यांनी नियंत्रण स्वतःच्या हाती घेऊन यान स्थानकाला जोडले.

हेच कौशल्य तीन वर्षांनी कसाला लागले. एप्रिल १९८४ मध्ये आपले राकेश शर्मा ज्या साल्युत-७ स्थानकावर राहून आले, त्याच्याशी फेब्रुवारी १९८५ मध्ये संपर्क तुटला. त्या वेळी तिथे कोणीही राहत नव्हते. निर्जीव स्थानक कोणताही संकेत देत नसल्यामुळे स्वयंचलित जोडणीचा प्रश्नच उरला नव्हता. ते दुरुस्त करण्यासाठी जूनमध्ये जानिबेकोव्ह आणि त्यांचे सहकारी अंतराळवीर व्हिक्तर सविनिख निघाले, ते तिसरे आसन काढून तिथे जादा इंधन आणि पाणी भरलेल्या यानातून. सविनिख हातातल्या लेसर उपकरणाने अंतर मोजत होते आणि जानिबेकोव्ह खिडकीतून पाहत यान चालवत होते. ८ जूनला जोडणी झाली.

आत अंधार होता, भिंतींवर हिम साचले होते, पाण्याच्या टाक्या गोठल्या होत्या. एका संवेदकातील बिघाडामुळे सौरपट्ट्यांची वीज बॅटऱ्यांपर्यंत पोहोचत नव्हती, हे लक्षात आल्यावर लोकरीच्या टोप्या घालून काम करणाऱ्या त्या दोघांनी, ज्या बॅटऱ्या अजून वापरण्याजोग्या होत्या त्या निवडून थेट सौरपट्ट्यांच्या तारांना जोडल्या आणि सोयुझच्या इंजिनांनी संपूर्ण स्थानक सूर्याकडे वळवले. दुरुस्तीच्या इतिहासात याच्या तोडीचे काम मला दुसरे आठवत नाही. कारण इथे सुटे भाग मागवायची सोय नव्हती आणि पाण्याचा साठाही मोजकाच होता.

ऑगस्टमध्ये दोघांनी बाहेर जाऊन जादा सौरपट्ट्या बसवल्या. जानिबेकोव्ह सप्टेंबरमध्ये परतले आणि १९८६ मध्ये पथकातून निवृत्त झाले. त्याच वर्षी मीर या नव्या सोव्हिएत स्थानकावरून निघालेले अंतराळवीर किझिम आणि सलाव्योव्ह साल्युत-७ वर पोहोचले आणि तिथे राहून त्यांनी अनेक आठवडे काम केले.